खोक्यांत भरलेली मॉरिस मायनर: घ्यावी की लांबूनच हात जोडावेत?

सुटेभाग

मंडळी, सल्ला हवाय. एक मॉरिस मायनर १००० मिळतेय, जुनी ब्रिटिश मोटार, दोन दारांची सलून, म्हणजे बंद छताची. मिळतेय म्हणजे तिचे भाग मिळताहेत. आधीच्या मालकांनी ती पार शेवटच्या बोल्टापर्यंत खोलली आणि मग काम थांबलं ते थांबलंच. आता बॉडीचा सांगाडा लाकडी ओंडक्यांवर उभा आहे, मडगार्डं भिंतीला टेकवून ठेवलीत आणि बाकीचं सगळं खोक्यांत, बादल्यांत, पत्र्याच्या डब्यांत. काही खोक्यांवर मार्करने लिहिलंय, 'डॅश', 'मागचे ब्रेक' वगैरे. एकावर नुसतंच 'महत्त्वाचे'. त्यात काच वरखाली करायचं एक हँडल आणि मूठभर वायसर निघाले.

इंजिनचा ब्लॉक वेगळा, हेड वेगळं, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीला गोल फिरवणारा दांडा) तेलकट कापडात गुंडाळून ठेवलेली. ती बघून जरा बरं वाटलं. गिअरबॉक्स अख्खा आहे. पुढची काच एकसंध आहे, मधे दांडी नाही.

सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच, हेड गॅस्केट ही कामं मी स्वतः करतो. वेल्डिंग शिकलोय, पत्र्याचं बऱ्यापैकी जमतं. जागा आहे, घाई नाही. अशी खोललेली गाडी घेण्यात शहाणपण आहे का? आणि घ्यायचीच तर आधी काय बघू?

तेलकट हात

स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

गंजून उभी असलेली पण अख्खी गाडी घेतलीत, तर कुठला बोल्ट कुठे, कुठली पाइप कशाच्या मागून जाते, काय गायब आहे, हे ती गाडीच तुम्हाला दाखवते. खोलताना तुम्ही फोटो काढता, पिशव्यांना चिठ्ठ्या बांधता, हाताला ओळख होते. इथे खोलणारा दुसराच होता. त्याच्या डोक्यात जे होतं ते काही खोक्यांत आलेलं नाही. खोलणं हे या छंदातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मजेचं काम. ते त्याने करून टाकलंय आणि उरलेलं तुम्हाला देतोय.

त्यामुळे पहिलं हे विचारा, की काम नेमकं कुठे अडलं? तब्येत, जागा, बदली असं काही असेल तर ठीक. पण बहुतेक वेळा अडतं ते बॉडीपाशी. माणूस हौसेने गाडी खोलतो, रंग खरवडतो, खाली पत्राच शिल्लक नाही हे दिसतं आणि मग शेडचं दार ओढून घेतो. म्हणून आधी बॉडी. इंजिन, सीट, क्रोम सगळं नंतर. या इंजिनचे भाग आजही नवे मिळतात. सरळ, न वाकलेला सांगाडा तसा दुकानातून उचलून आणता येत नाही.

दुसरं म्हणजे कागद. नोंदणीचे कागद आहेत का, ते देणाऱ्याच्याच नावावर आहेत का आणि त्यावरचा चॅसिस नंबर प्लेटवरच्या नंबराशी जुळतो का. प्लेट एखाद्या खोक्यात सुटी सापडली तर जास्तच सावध राहा. कागद जुळत नसतील तर पुढचं काही बघू नका, सरळ परत या. जुळत असतील आणि गाडीचा मूळ रंग, बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर जाणून घ्यायचा असेल, तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. चॅसिस नंबर दिला की ते त्यावरून प्रमाणपत्र देतात. खोललेल्या गाडीला हा कागद फार कामाचा, कारण कुठला भाग मूळचा आणि कुठला कुणीतरी आणून टाकलेला, याचा अंदाज येतो.

गंजशोधक

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. बॉडीत काय बघायचं ते मी लिहितो.

मायनरला वेगळी चॅसिस नाही. अ‍ॅलेक इसिगोनिसने १९४८ साली ही गाडी आणली तेव्हाच तिची बॉडी आणि सांगाडा एक होता. म्हणजे खालचा पत्रा हा नुसता पाय ठेवायला नसतो, गाडीचा भार तोच पेलतो. वरचा पत्रा चकचकीत आणि खालचा भुसा, अशा मायनर ढिगाने असतात. मडगार्डं बोल्टवर बसतात, ती कितीही सडली तरी दुःख नाही. दुःख या जागांचं:

मधला आडवा क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीच्या तळाची आडवी तुळई, आणि त्याची दोन्ही टोकं. पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग नाहीत, लांब टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) आहेत आणि त्यांची मागची टोकं इथे अडकलेली असतात. पुढची दोन चाकं सावरायचा सगळा पीळ या पत्र्यावर येतो. इथे टाचणी घुसली तरी मी उठून जाईन.

मग पुढचे चॅसिस लेग (नाव असं असलं तरी या बॉडीलाच जोडलेल्या पोकळ लांब तुळया), खास करून ड्रायव्हरच्या पायाखालचा, कारण ब्रेकचा मास्टर सिलिंडर त्याच्या पोटात असतो. मग मागच्या कमानींचे पुढचे हँगर. मग सिल, म्हणजे दाराखालची लांब पत्र्याची पेटी, आतून आणि बाहेरून. सिलवर नवा पत्रा चिकटवून आतला सडका तसाच ठेवायची फार जुनी खोड आहे लोकांना. दोन्हीकडून वाजवून बघा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, पुट्टी बद्द वाजते. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवला तर पुट्टी कुठून सुरू होते ती रेघ हाताला कळते.

खोललेल्या गाडीचा एक मोठा फायदा मात्र कुणी सांगत नाही. गालिचा नाही, अंडरसील खरवडलेलं, इंजिन उतरवलेलं. अख्ख्या गाडीत ज्या जागा बघायला तुम्हाला आरसा आणि टॉर्च घेऊन पाठीवर सरपटावं लागतं, त्या इथे उघड्या आहेत. झाकायला विकणाऱ्याकडे काहीच नाही.

शंकासुर

मी उलटं विचारतो. चालवायला मायनर हवी आहे की दुरुस्त करायला? चालवायला हवी असेल तर एखादी अख्खी, चालती घ्या आणि ही हवी तर स्पेअरसाठी ठेवा. खोकी घेऊन वर्षानुवर्षं बसणारे मी पाहिलेत. शेवटी खोकी तिसऱ्याला जातात आणि प्रत्येक फेरीत थोडे भाग गळतात.

सुटेभाग

@शंकासुर, प्रामाणिक उत्तर: दुरुस्त करायला. चालवायला माझ्याकडे गाडी आहे.

काल परत जाऊन आलो. कागद आहेत, नावावर आहेत, नंबर जुळतो, प्लेट बल्कहेडवर (इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या पत्र्यावर) मूळच्या जागी आहे. काम थांबायचं कारण तब्येत, असं मालकांच्या घरच्यांनी सांगितलं. क्रॉसमेंबर ठणठणीत आहे, हातोडीने नीट वाजवून आणि टोच्याने टोचून बघितला. डावीकडचं सिल गेलंय, डाव्या पायाखालचा पत्राही. एक हँगर आधीच नवा बसवलाय, वेल्ड चांगलं दिसतंय. पण डावं दार बिजागरीवर टांगून बघितलं तर लागत नाही. वर मागच्या बाजूला घासतं आणि खाली मागे बोट जाईल एवढी फट. बिजागरी झिजली असेल की सांगाडा बसला?

गंजशोधक

दार उघडं ठेवून मागच्या टोकाला धरून उचला. बिजागरीत खेळ असेल तर 'टक' असा हलेल. खेळ नसताना दार वर घासतंय आणि खाली फट आहे, तर सांगाडा मधे खचलाय. सिल गेलेल्या बाजूला हेच होतं. त्यातून ओंडके पुढे आणि मागे दोनच ठिकाणी असतील तर मधला भाग स्वतःच्या वजनाने आणखी बसतो.

घाबरायचं कारण नाही, पण क्रम चुकवू नका. ओंडके काढा आणि सांगाडा सस्पेन्शनच्या जागांवर, सपाट जमिनीवर टेकवा. पाण्याच्या पातळीच्या नळीने किंवा लेझरने चारही कोपरे एका पातळीत आणा. मग दाराच्या चौकटीत दोन आडव्या आणि एक तिरपी नळी टाका, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, आणि टाक्याच्या वेल्डने पक्क्या करा. मधे पकडीचा जॅक लावून दाराची फट वर-खाली सारखी होईपर्यंत हळूहळू उचला. फट सारखी झाली, नळ्या पक्क्या झाल्या, की मगच जुनं सिल कापायचं. एका वेळी एकच बाजू. नवं सिल लावताना दार टांगलेलंच हवं, काचेसकट, कारण काचेच्या वजनानेही दार बसतं. पूर्ण वेल्ड मारायच्या आधी दार दहादा उघडून मिटून बघा.

ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या झोताने रंग-गंज काढायला, देणार असाल तर एक सूचना. जाड वाळूने जोरात मारलं की बॉनेट, दारं, छत अशा सपाट पत्र्यांना पोक येतो आणि तो परत निघत नाही. शिवाय वाळू चॅसिस लेगच्या पोटात शिरते आणि पुढे कित्येक महिने गळत राहते. जाड भागांना ब्लास्टिंग, मोठ्या पत्र्यांना रंग काढायचं रसायन किंवा हाताने घासकाम.

मायक्रोमीटर

इंजिनकडे वळतो. तुम्ही म्हणालात पुढची काच एकसंध आहे. म्हणजे गाडी १९५६ नंतरची, तोपर्यंत दोन तुकड्यांची काच होती. आता दाराच्या मागच्या खांबात बघा. उभी अरुंद खाच आहे का, ज्यातून हातासारखा दिवा बाहेर यायचा? तो ट्रॅफिकेटर. १९६१ अखेर तो जाऊन लुकलुकणारे इंडिकेटर आले. खाच असेल तर गाडी या दोन सालांमधली आणि तिचं मूळ इंजिन ९४८ सीसीचं. १९६२ पासून १०९८ आलं.

ब्लॉकवर डायनामोच्या ब्रॅकेटच्या वरच्या अंगाला नंबरची पट्टी असते. '९एम' ने सुरू होत असेल तर ९४८, '१०एमए' असेल तर १०९८. पण पट्टी रिव्हेटवर असते, निघते आणि दुसरीकडे लागतेही. म्हणून मोजा. आणि नुसता बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजून थांबू नका. ९४८ चा मूळ बोअर ६२.९ मिमी, १०९८ चा ६४.६. आता ९४८ चा सिलिंडर ६० थाऊ, म्हणजे इंचाचे ६० हजारांश किंवा दीड मिमी, एवढा रीबोअर करून रुंद केलेला असेल, तर तो ६४.४ होतो. झिजलेल्या ब्लॉकमध्ये साधा कॅलिपर घालून हा फरक कुणाला कळणार? स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, मात्र खोटं बोलत नाही. ९४८ चा ७६.२ मिमी, १०९८ चा ८३.७. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवा, बिग एंड जर्नल (क्रँकचा कनेक्टिंग रॉड बसतो तो गोल भाग) सगळ्यात वर असताना त्याची उंची घ्या, सगळ्यात खाली असताना घ्या, वजाबाकी म्हणजे स्ट्रोक. साडेसात मिमीचा फरक डोळ्यांनीही दिसतो.

त्याच बैठकीत जर्नलही मोजा, प्रत्येकी दोन दिशांना आणि दोन टोकांना. गोलाई गेली असेल तर तिथेच कळेल. क्रँक तीनच मेन बेअरिंगवर फिरते, त्यामुळे मधल्या जर्नलकडे जास्त लक्ष.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला लावून मग एकत्र बोअर केलेल्या असतात. त्या ब्लॉकच्या असतात, इंजिनच्या प्रकाराच्या नव्हे. दुसऱ्या ब्लॉकची कॅप बसते, टॉर्कही घेते, पण क्रँक फिरत नाही किंवा फिरून बेअरिंग खाते. कनेक्टिंग रॉडचंही तेच. रॉड आणि तिची कॅप यांच्यावर एकच आकडा कोरलेला असतो, तो जुळवून जोड्या लावा. तिन्ही मेन कॅप आहेत ना, हे गाडी उचलायच्या आधी बघा. एक जरी गहाळ असेल तर तो ब्लॉक मशीन शॉपचं मोठं गिऱ्हाईक आहे असं धरून चाला.

टॅपेट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकमेकांवर झिजलेले असतात. टॅपेट डब्यात एकत्र टाकलेले असतील, आणि असणारच, तर कुठला कुठे हे आता देवालाही सांगता येणार नाही. नवे टॅपेट घ्या, कॅमचे उंचवटे तपासून घ्या. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं क्राउन व्हील आणि पिनियन ही मात्र जोडीच असते. सुटी सापडली तर दोन्हींवरचे जोडीचे आकडे सारखे आहेत का बघितल्याशिवाय बसवू नका. नाहीतर गाडी आयुष्यभर रडत चालेल.

सुटेभाग

खाच आहे! दोन्ही बाजूंना. एका बाजूचा ट्रॅफिकेटरही 'डॅश' लिहिलेल्या खोक्यात मिळाला. पट्टी '९एम', स्ट्रोक ७६ च्या आसपास, तिन्ही मेन कॅप ब्लॉकलाच बोल्ट लावून ठेवलेल्या. खोलणाऱ्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

घेतली गाडी. टेम्पोच्या फेऱ्या मारून सगळं आणलं. आता खोकी समोर आहेत आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. हात शिवशिवताहेत, मडगार्डं घासायला घेऊ का?

तेलकट हात

अभिनंदन! आणि मडगार्डाला हात लावू नका.

घेतलीच आहे तर आता माझं एकच म्हणणं ऐका. आधी गाडी जोडायची. रंग नाही, प्रायमर नाही, क्रोम नाही. जुनी, गंजकी, तेलकट आहे तशी जोडायची आणि मग परत खोलायची. ही वेडेपणाची दुप्पट मेहनत वाटते, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. पण खोललेल्या गाडीत काय नाही हे खोक्यांत बघून कधीच कळत नाही, जागेवर बसवल्यावरच कळतं. आणि खोलण्याचा जो अनुभव आधीच्या मालकाबरोबर गेला, तो तुम्हाला दुसऱ्या खोलण्यात मिळतो. फोटो तेव्हा काढा, चिठ्ठ्या तेव्हा लावा.

सगळी खोकी जमिनीवर ओता. मोठी ताडपत्री अंथरा, त्यावर खडूने गाडीचा आराखडा काढा आणि प्रत्येक भाग जिथला असेल तिथे ठेवा. कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग दोन्ही हवेत. दोघांत फरक आहे. मॅन्युअल काम कसं करायचं ते सांगतं, कॅटलॉगमधल्या फोडून दाखवलेल्या चित्रांत कुठल्या वायसरच्या मागे कुठला वायसर ते दिसतं. तुम्हाला मॅन्युअलपेक्षा कॅटलॉग जास्त लागणार आहे. भाग ओळखला की कॅटलॉगच्या आकड्यावर टिक. जे उरतं ती तुमची खरेदीची यादी. ताडपत्रीवर ज्याला जागा सापडत नाही ते वेगळ्या खोक्यात ठेवा, टाकू नका. त्यातलं अर्धं दुसऱ्या गाडीचं निघेल आणि उरलेलं अर्धं पुढे नेमकं हवं असेल.

नट-बोल्टांचे आटे बघून वर्गवारी करा. मायनर १००० मध्ये बहुतेक आटे यूएनएफ (बारीक आट्यांचं माप) आहेत, विजेच्या सामानात छोटे बीए मापाचे. आटे मोजायची पानं असलेला गेज घ्या. एकाच जाडीचा यूएनसी (जाड आट्यांचा) बोल्ट यूएनएफच्या भोकात दोन-तीन फेरे जातो आणि मग जाम होतो. तिथे पान्याला नळी लावून जोर काढलात की ब्लॉकचे आटे गेले. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांचे बोल्ट जुने वापरू नका, आणि नवे घेताना डोक्यावरची ग्रेड बघून घ्या.

जोडताना एक खास मायनरचं. गंजशोधक यांनी लिहिलंय की मास्टर सिलिंडर चॅसिस लेगच्या पोटात आहे. त्याचे आडवे बोल्ट टॉर्शन बार जागेवर असताना बाहेरच निघत नाहीत, बार आडवा येतो. चालत्या गाडीत या एका सिलिंडरसाठी लोकांना टॉर्शन बार सोडावा लागतो. तुमचे बार खोक्याशेजारी पडलेत. नवा सिलिंडर आत्ता बसवा आणि बोल्ट उलट बाजूने घाला, म्हणजे पुढच्या वेळी बाराला हात न लावता निघतील. बारांची डावी-उजवी बाजू मात्र बदलू नका. एकदा एका दिशेला पिळलेला बार त्याच दिशेला वापरायचा. खुणा नसतील तर टोकांवर काही कोरलंय का ते रंग काढून बघा. बारांना ओरखडे पाडू नका, चीर तिथूनच सुरू होते.

पुढच्या चाकांच्या किंगपिनचे खालचे ट्रनियन (चाक वळवणारे सांधे) आट्यांवर फिरतात. ग्रीस न मिळाल्यामुळे हे आटे झिजले की ट्रनियन निसटतो आणि चाक मडगार्डात दुमडतं. हातात धरून खेळ बघा, शंका आली की नवे. इथे काटकसर नाही.

तारायंत्र

वायरिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुना हार्नेस (तारांचा जुडगा) खोक्यात असेल तर टाकू नका, पण परत वापरूही नका. कापडी वेष्टण सुटलेलं, आतलं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. नवा हार्नेस घ्या आणि जुना शेजारी पसरून कुठली शाखा कुठे फुटते ते बघत बसवा. लुकास या विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचे तारांचे रंग एकदा डोक्यात बसले की सगळं सोपं आहे: तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरा इग्निशनची चावी फिरवल्यावर, हिरवा त्यापुढे फ्यूजमधून आलेला, निळा हेडलाइटचा, लाल बाजूच्या आणि मागच्या दिव्यांचा, काळा अर्थ.

दोन गोष्टी विसरू नका. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. सवयीने मायनस जोडाल. आणि अख्ख्या गाडीला फ्यूज दोनच आहेत, हेडलाइट त्यात नाहीत. मी असतो तर तपकिरी मुख्य वायरवर एक फ्यूज लावून घेतला असता, कुणी 'मूळचं नाही' म्हणून नाक मुरडलं तरी.

शंकासुर

घेतलीच शेवटी. असो, शुभेच्छा. गंजलेल्या छोट्या भागांना व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं की विजेच्या पद्धतीने काढायचं? मी व्हिनेगरवाला.

मायक्रोमीटर

ब्रॅकेट आणि पत्र्याच्या क्लिपांना व्हिनेगर चालेल, फक्त विसरून चार दिवस ठेवू नका, आम्ल चांगलं लोखंडही खातं. विजेची पद्धत मला जास्त आवडते, कारण ती गंज काढते आणि थांबते. पाण्यात धुण्याचा सोडा, भाग निगेटिव्हला, लोखंडाचा एखादा तुकडा पॉझिटिव्हला, बॅटरी चार्जर. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावू नका, क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको. कमानी, टॉर्शन बार आणि भारी ग्रेडचे बोल्ट यांना यातलं काहीच नाही, ना आम्ल ना वीज. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो आणि मग भार आल्यावर मोडतं. त्यांना तारेचा ब्रश.

गंजशोधक

सुरक्षेचं निघालंय तर दोन भर. जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आणि पेट्रोलची टाकी गळत असेल तर वेल्डिंगचा विचारही नको. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा आतून वाफा धरून असते. गरम पत्र्याने त्या पेटतात आणि टाकी फुटते. नवी टाकी घ्या किंवा या कामातल्या माणसाला द्या.

सुटेभाग

सगळ्यांचे मनापासून आभार. ताडपत्री अंथरली, कॅटलॉगही मिळाला. दाराच्या चौकटीत नळ्या टाकून झाल्या, फट बरीच सारखी झालीय. सिल अजून कापलेलं नाही.

आता एक कोडं. गिअरबॉक्सचं कवच फासळ्या-फासळ्यांचं आहे. कॅटलॉगमधल्या ९४८ च्या चित्रात ते गुळगुळीत दिसतं. पुढच्या ब्रेक ड्रमचा आतला व्यास आठ इंच भरतो. माझ्या सालाच्या गाडीला सात हवा ना? मग हे दुसऱ्या गाडीचं सामान समजून बाजूला ठेवू?

मायक्रोमीटर

अजिबात नको! फासळ्यांचा गिअरबॉक्स आणि आठ इंची पुढचे ड्रम, दोन्ही १०९८ बरोबर आले. दोन्ही तुमच्या गाडीच्या मूळ सामानापेक्षा सरस आहेत. तो गिअरबॉक्स जास्त मजबूत आणि आठ इंची ब्रेक तर ९४८ च्या गाडीला लोक मुद्दाम शोधून लावतात. गृहस्थांनी बहुधा ठरवून जमवाजमव चालवली होती.

डिफरन्शियलही तपासा. दोन्ही हाफ शाफ्ट एकाच वेळी एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रॉपशाफ्टचा फ्लँज किती फिरतो ते खडूची खूण करून मोजा. साडेचारच्या किंचित वर म्हणजे ९४८ चा ४.५५५, सव्वाचारच्या किंचित आत म्हणजे १०९८ चा ४.२२. एकच बाजू फिरवत असाल आणि दुसरी घट्ट धरलेली असेल तर ती दोन फेरे फिरवा, हिशोब तोच.

पण तो गिअरबॉक्स ९४८ इंजिनला तसाच लागत नाही. क्लच मोठा आहे, सव्वासात इंची, तुमच्या इंजिनचा सव्वासहा. त्याबरोबर १०९८ चं फ्लायव्हील आणि इंजिनची मागची बॅकप्लेट लागते. खोक्यांत फ्लायव्हील किती आहेत?

सुटेभाग

दोन! एक मोठ्या क्लचचं, आठवडाभर ते मी जास्तीचं समजून ताडपत्रीच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. प्रेशर प्लेटही त्याच्याच मापाची आहे. बॅकप्लेट मात्र एकच दिसतेय आणि ती ब्लॉकच्या मागे बोल्ट लावलेली आहे.

तेलकट हात

ती कुठली ते कागदावर ठरवत बसू नका. गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग (क्लचवर बसणारं पुढचं रुंद कवच) आणून प्लेटवर टेकवा. सगळी भोकं आणि कडा जुळली तर ती १०९८ ची, म्हणजे जोडणी आधीच सुरू झाली होती. नाही जुळली तर दुसरी प्लेट घरच्यांकडे विचारा. नुसता जाडसर, भोकांचा, वेड्यावाकड्या आकाराचा पत्रा असतो तो, कुणाला गाडीचा भाग वाटत नाही. शेडमध्ये भंगाराच्या बाजूला, भिंतीशी पडलेला असू शकतो. त्यांनी शेड आवरायला काढायच्या आत जाऊन या.